कॅमेरा, राऊटर आणि सापळा: सीमाभागातील लहान कारखाने व पतसंस्थांनी बॉटनेट कसे ओळखावे आणि हनीपॉट कसा मांडावा

जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या कर्नाटक परिमंडळातील सुमारे ६०,००० ब्रॉडबँड मोडेम एकाएकी निकामी झाले. ज्या मोडेमचा मूळचा 'अ‍ॅडमिन' हा पासवर्ड ग्राहकांनी कधी बदललाच नव्हता, तेच प्रामुख्याने या हल्ल्यात सापडले. ब्रिकरबॉट नावाचा प्रोग्रॅम चालवणाऱ्या अनामिकाने पुढे या हल्ल्यामागे आपणच असल्याचा दावा केला. अशी उघडी यंत्रे बॉटनेटच्या (परक्याने ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या जथ्याच्या) हाती लागण्यापेक्षा कायमची बंद पडलेली बरी, असे त्याचे म्हणणे होते. युक्तिवाद उद्दामपणाचा होता, पण त्यातील निदान खरे होते.

त्यानंतर बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यात इंटरनेटला जोडलेल्या यंत्रांची संख्या वाढतच गेली. उद्यमबाग आणि मच्छे येथील फाउंड्री व मशीन शॉप, निपाणीची तंबाखूची गोदामे, शहापूर-वडगावच्या मागांच्या शेड, गावोगावच्या पतसंस्था, अशा सगळ्या ठिकाणी कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र) आणि राऊटर बसले. ज्यांच्याकडे पाच-पंचवीस संगणक आहेत, आठ-सोळा कॅमेरे आहेत आणि 'कॉम्प्युटरचं बघणारा' एखादा माणूस आहे, पण सुरक्षेसाठी वेगळा विभाग नाही, अशांसाठी हा लेख आहे. येथे कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी स्वतःची यंत्रे स्वच्छ करावीत, मग कार्यालयाच्या आत सापळा, म्हणजे घुसखोर ओळखण्यासाठी मांडलेले खोटे यंत्र (हनीपॉट), लावावा, आणि बाहेरच्या जगाकडे तोंड करून सापळा मांडण्याची हौस असेल तर ती सर्वांत शेवटी, तीही कार्यालयाच्या लाइनवरून नव्हे, भागवावी. बहुतेक उत्साही तरुण नेमका याच्या उलट क्रमाने सुरुवात करतात.

बॉट यंत्रात शिरतो कसा

बॉटनेट म्हणजे मालकांच्या नकळत परक्याच्या हुकमाखाली गेलेल्या यंत्रांचा जथा; त्यातले यंत्र किंवा त्यात शिरलेला प्रोग्रॅम म्हणजे बॉट. ऑगस्ट २०१६ मध्ये उघडकीस आलेल्या मिराई या बॉटनेटची रचना अजूनही अभ्यासण्याजोगी आहे, कारण त्याचा मूळ कोड त्याच वर्षी सप्टेंबरअखेर खुला करण्यात आला आणि आजच्या अनेक बॉटनेटांत त्याचीच पिलावळ दिसते. मिराईने ग्रासलेला डीव्हीआर इंटरनेटवरचे पत्ते यादृच्छिकपणे निवडून त्यांच्या २३ आणि २३२३ क्रमांकाच्या टेलनेट (दुरून आज्ञा देण्याची जुनी सोय) पोर्टवर, म्हणजे यंत्राच्या क्रमांकित दारांवर, थाप मारीत असे आणि कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून पाहत असे. एखादी जोडी लागू पडली की तो त्या यंत्राचा पत्ता आणि पासवर्ड एका वेगळ्या सर्व्हरला कळवी, आणि तेथून त्या यंत्राच्या प्रोसेसरला चालेल असा प्रोग्रॅम पाठवला जाई. ऐन भरात सुमारे सहा लाख यंत्रे त्याच्या ताब्यात होती, आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन या डीएनएस सेवेवर झालेल्या माऱ्याने अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास मिळेनाशी झाली.

यातून आपल्या कामाच्या दोन गोष्टी हाती लागतात. पहिली अशी की हल्लेखोराला बेळगाव ठाऊक असण्याची गरज नसते. 'आमच्या एवढ्याशा सोसायटीत कोण कशाला शिरेल' हा प्रश्न संचालकांच्या बैठकीत हमखास येतो, आणि त्याचे उत्तर असे की तेथे कोणी माणूस शिरतच नाही, एक यंत्र सगळ्या पत्त्यांची दारे ओळीने वाजवत जाते. दुसरी गोष्ट अशी की मिराई यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीतच राहत असे. वीज बंद करून पुन्हा चालू केली की तो नाहीसा होई, पण पासवर्ड तोच राहिला तर काही मिनिटांतच पुन्हा शिरे. म्हणून 'बंद करून चालू केला, आता नीट चालतोय' या शेऱ्यावर विसंबू नये.

पहिली पायरी: यंत्रांची खरी यादी

राऊटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते, ती कागदावर उतरवावी. त्यानंतर एनमॅप हे मोफत साधन एखाद्या संगणकावर बसवून स्वतःच्याच नेटवर्कची पाहणी करावी. आधी कोणकोणते पत्ते जिवंत आहेत ते पाहावे आणि मग प्रत्येक पत्त्यावर कोणती पोर्ट उघडी आहेत ते तपासावे. टेलनेटची २३ आणि २३२३, कॅमेऱ्यांच्या चित्रप्रवाहाची ५५४, डीव्हीआरमध्ये उत्पादकानुसार आढळणारी ८०००, ३४५६७ व ३७७७७, अँड्रॉइड टीव्ही बॉक्सची ५५५५ आणि मायक्रोटिक राऊटरची ८२९१ ही पोर्ट विशेष लक्ष देऊन पाहावीत. मायक्रोटिकचा उल्लेख मुद्दाम केला आहे. केबलवाल्या इंटरनेट पुरवठादारांकडे हा राऊटर सर्रास दिसतो, आणि २०१८ मध्ये त्याच्या ८२९१ पोर्टवरील विनबॉक्स या व्यवस्थापन सेवेत सापडलेली फट ज्यांनी बुजवली नाही, त्यांचे राऊटर पुढे कित्येक वर्षे बॉटनेटांच्या कामी येत राहिले. एनमॅप फक्त आपल्या मालकीच्या नेटवर्कवर चालवावे, शेजारच्या शेडच्या नाही.

यादी करताना कॅमेरे बसवणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारावा: मालकाला मोबाइलवर चित्र दिसावे म्हणून राऊटरमध्ये काय केले आहे? पुष्कळदा असे आढळते की त्याने डीव्हीआरचे पोर्ट राऊटरमधून थेट बाहेर काढून दिलेले असते, आणि डीव्हीआरचा पासवर्ड त्याने आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे एकच ठेवलेला असतो. त्यामागे वाईट हेतू नसतो. दुरुस्तीला गेल्यावर वही शोधावी लागू नये, एवढाच विचार असतो. पण अशा वेळी एका शेडचा पासवर्ड फुटला की त्या कॅमेरेवाल्याची सगळी गिऱ्हाइके एकदम उघडी पडतात.

दुसरी पायरी: लक्षणे आणि सफाई

बॉट झालेला डीव्हीआर चित्रीकरण नेहमीप्रमाणेच करत राहतो, त्यामुळे पडद्याकडे पाहून काही कळत नाही. पाहायचे असते ते बाहेर जाणाऱ्या रहदारीकडे. रात्री कार्यालय बंद असताना अपलोड चढलेला दिसणे, राऊटरच्या चालू जोडण्यांच्या यादीत एकाच कॅमेऱ्याच्या नावावर शेकडो अनोळखी पत्ते आणि तेही २३ किंवा २२ याच पोर्टवरचे असणे, इंटरनेट मधूनच गुदमरणे, ही खरी लक्षणे होत. पुरवठादाराकडून आलेली 'तुमच्या पत्त्यावरून संशयास्पद रहदारी होत आहे' अशी सूचना जाहिरात समजून टाकून देऊ नये. फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालेले केंद्र सरकारचे सायबर स्वच्छता केंद्र पुरवठादारांमार्फत अशाच सूचना देते, आणि संगणक व मोबाइल साफ करण्याची मोफत साधनेही त्याच्या संकेतस्थळावर मिळतात. मात्र ही साधने डीव्हीआरवर चालत नाहीत. तेथे हातानेच काम करावे लागते.

सफाईत क्रम चुकला तर सगळी मेहनत वाया जाते. प्रथम यंत्राची नेटवर्कची वायर काढावी. त्यानंतर ते कारखाना-स्थितीला आणावे आणि उत्पादकाच्या संकेतस्थळावरून दुसऱ्या संगणकावर उतरवून घेतलेले नवे फर्मवेअर (यंत्राचा मूळ प्रोग्रॅम) पेनड्राइव्हने त्यात चढवावे. नवा, लांब आणि फक्त त्याच यंत्रासाठी असलेला पासवर्ड द्यावा, आणि तोही वायर जोडण्याआधी. मग राऊटरकडे वळून पोर्ट बाहेर काढून देणारे सगळे नियम पुसावेत, यूपीएनपी बंद करावे, कारण त्यामुळे कॅमेरा कोणाला न विचारता स्वतःसाठी दार उघडू शकतो, आणि राऊटरचे व्यवस्थापन बाहेरून करण्याची सोयही बंद करावी. इतके झाल्यावरच यंत्र पुन्हा जोडावे. मोबाइलवर चित्र हवेच असेल तर व्हीपीएन (कार्यालयाच्या नेटवर्कपर्यंतची सुरक्षित खासगी वाट) हा चांगला मार्ग आहे. उत्पादकाचे क्लाउड अ‍ॅप वापरले तरी चालेल, परंतु मग त्या खात्याचा पासवर्डही तितकाच भक्कम हवा. ज्या यंत्राला नवे फर्मवेअर मिळणेच बंद झाले आहे, त्याचा इंटरनेटशी संबंध कायमचा तोडावा. त्याचे चित्र कार्यालयातल्या पडद्यावर दिसले तरी पुरे.

कॅमेरे आणि हिशेबाचे संगणक एकाच नेटवर्कवर ठेवू नयेत. राऊटर व स्विचमध्ये सोय असेल तर व्हीलॅन (त्याच वायरिंगवर वेगळे पाडलेले नेटवर्क) करावे, नसेल तर कॅमेऱ्यांसाठी वेगळा राऊटर घ्यावा. हा खर्च टाळण्यासारखा नाही.

तिसरी पायरी: आतला सापळा

हनीपॉट म्हणजे जाणूनबुजून मांडलेले असे यंत्र, की ज्याच्याशी बोलण्याचे कार्यालयातील कोणालाही काहीच कारण नाही. म्हणूनच त्याच्यावर पडलेली प्रत्येक थाप दखल घेण्याजोगी ठरते. ही कल्पना जुनी आहे. १९८६ मध्ये अमेरिकेच्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल यांनी हिशेबातील ७५ सेंटांच्या तफावतीचा माग काढत एका घुसखोराला गाठले, तेव्हा तो फोनलाइनवर जास्त वेळ गुंतून राहावा म्हणून त्यांनी खोट्या पण चटकदार सरकारी कागदपत्रांचा ढीग त्याच्यापुढे रचला होता.

लहान कार्यालयासाठी ओपनकॅनरी हे मोफत साधन पुरेसे आहे. ते लिनक्सवर चालते आणि एफटीपी (फायलींची देवाणघेवाण), एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन), संकेतस्थळाचे लॉगिन पान अशा सेवांचे सोंग घेते. त्यासाठी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वापरण्याची शिफारस सर्वत्र केली जाते, परंतु अडगळीत पडलेला जुना डेस्कटॉप मला अधिक योग्य वाटतो, कारण पायच्या नेटवर्क कार्डाच्या पत्त्याची सुरुवातच त्याची ओळख सांगून टाकते आणि जाणकार घुसखोर तेथेच सावध होतो. त्या यंत्राला कार्यालयात शोभेल असे नाव द्यावे. पतसंस्थेत 'ठेव-बॅकअप', कारखान्यात 'ड्रॉइंग-सर्व्हर' अशी नावे चालतील. साधनाने दिलेले मूळचे नाव कधीही ठेवू नये. सेवा दोन किंवा तीनच चालू ठेवाव्यात. जुन्या डेस्कटॉपवर वीस सेवा एकदम उघड्या दिसल्या तर कोणालाही संशय येईल. ओपनकॅनरीमध्ये नासच्या (नेटवर्कवर फायली साठवणाऱ्या यंत्राच्या) लॉगिन पानाचे एक तयार सोंग आहे, ते पतसंस्थेच्या वातावरणात अगदी खपून जाते.

सूचना ई-मेलने दोन व्यक्तींना जातील अशी व्यवस्था करावी, आणि त्यांपैकी एक व्यक्ती संगणक सांभाळणारी नसावी. बसवून झाल्याबरोबर दुसऱ्या संगणकावरून मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून पाहावा आणि ई-मेल येते की नाही याची खात्री करावी. पहिल्या आठवड्यात खोट्या सूचना येतीलच. अँटिव्हायरसची नेटवर्क तपासणी, प्रिंटरचा शोध घेणारा प्रोग्रॅम, बिलिंग सॉफ्टवेअरचा सर्व्हर-शोध असे त्यांचे उगम असतात. ते एकेक करून ओळखावेत आणि फक्त त्याच पत्त्यांना वगळावे. सूचना फार येतात म्हणून पूर्ण सेवाच बंद करणे म्हणजे सापळा गुंडाळून ठेवणे होय. खानापूर-जांबोटीकडे पावसाळ्यात वीज सारखी जाते-येते, त्यामुळे वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होईल अशी खूण बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ मांडणीत) करून ठेवावी. नाहीतर जूनमध्ये बंद पडलेला सापळा दिवाळीच्या सफाईत सापडतो.

याला जोड म्हणून एक-दोन सापळा-फायली ठेवाव्यात. कॅनरीटोकन्स या मोफत सेवेवर अशी एक्सेल किंवा वर्ड फाइल तयार करून मिळते, की ती उघडताच आपल्याला ई-मेल येते. 'नेटबँकिंग पासवर्ड' अशा नावाने ती व्यवस्थापकाच्या फोल्डरमध्ये ठेवावी, आणि व्यवस्थापकाला तसे सांगूनही ठेवावे.

चौथी पायरी: बाहेरचा सापळा, ज्याला शिकायचे आहे त्याच्यासाठी

संस्थेच्या रक्षणाला बाहेरच्या सापळ्याची आवश्यकता नाही. तो अभ्यासासाठी आहे. बेळगावात विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आणि अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये असल्यामुळे हे काम करू पाहणारे विद्यार्थी येथे भरपूर आहेत. त्यांनी घरच्या किंवा कार्यालयाच्या लाइनवर हा प्रयोग करू नये. राऊटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो आणि बाहेरची थाप तेथवर पोहोचतच नाही. सार्वजनिक पत्ता मिळालेला असलाच, तर त्यामागे घरची खरी यंत्रे असतात. त्यापेक्षा महिन्याच्या भाड्याने एक लहान व्हीपीएस (पुरवठादाराकडचा आभासी सर्व्हर) घ्यावा आणि हनीपॉट चालवण्यास पुरवठादाराची हरकत नाही ना, ते आधी वाचून घ्यावे.

काउरी हे त्यासाठी प्रचलित साधन आहे. प्रथम व्हीपीएसवरील स्वतःचे खरे एसएसएच वेगळ्या, मोठ्या क्रमांकाच्या पोर्टवर हलवावे, पासवर्डने प्रवेश बंद करून फक्त किल्ली-फाइलने ठेवावा, आणि नवी जोडणी नीट होते हे पाहिल्याशिवाय जुनी खिडकी बंद करू नये. काउरी साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालवावे, रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून कदापि नाही. ते मुळात २२२२ पोर्टवर एसएसएच ऐकते, आणि टेलनेट चालू केल्यास २२२३ वर. फायरवॉलच्या नियमाने बाहेरून २२ आणि २३ वर येणाऱ्या जोडण्या अनुक्रमे या पोर्टांकडे वळवाव्यात. यंत्राचे मूळचे नाव आणि खोट्या फाइलप्रणालीतील मूळचा वापरकर्ता बदलावा, कारण हल्लेखोरांचे प्रोग्रॅम याच खुणा पाहून काउरी ओळखतात. कोणताही पासवर्ड स्वीकारण्याची सोय मोहात पाडते, पण एकाच पत्त्यावरून आलेले दोन भिन्न पासवर्ड चालले तर बिंग फुटते. मोजक्याच जोड्या चालू ठेवाव्यात. शिवाय घुसखोराने फाइल मागवली की काउरी ती खरोखरच उतरवून घेते, म्हणून बाहेर जाणाऱ्या रहदारीवर मर्यादा घालावी. आपल्या सापळ्यातून दुसऱ्या कोणाला त्रास झाला तर जबाबदारी आपल्यावर येते.

पत्ता सार्वजनिक झाल्यापासून पहिली थाप पडायला फार वेळ लागत नाही. नोंदींमध्ये मिराई-वळणाची एक भेट साधारण अशी दिसते. लॉगिन होताच पाठोपाठ 'एनेबल', 'सिस्टम', 'शेल' असे शब्द येतात, कारण समोर कोणत्या जातीचे यंत्र आहे हे पाहुण्याला माहीत नसते आणि यांपैकी एखादा तरी शब्द त्याला आज्ञा स्वीकारणाऱ्या खऱ्या शेलपर्यंत नेईल असा हिशेब असतो. त्यानंतर तो बिझीबॉक्सला (लहान यंत्रांतल्या आज्ञांच्या संचाला) एक निरर्थक शब्द देतो आणि 'असा अ‍ॅप्लेट नाही' हे उत्तर येते का ते पाहतो. ते आले म्हणजे आज्ञा खरोखर चालतात असे तो समजतो. मग कोठे लिहिता येईल अशी जागा शोधणे, 'इको' या प्रोग्रॅमच्या फाइलची सुरुवात वाचून प्रोसेसर ओळखणे, योग्य फाइल उतरवणे, ती चालवणे आणि लगेच पुसून टाकणे, हे सगळे काही सेकंदांत उरकते. एसएसएचवरून येणारे पाहुणे वेगळ्या वळणाचे असतात. पुष्कळ जण आधी प्रोसेसरमध्ये किती कोर आहेत ते मोजतात, कारण त्यांना आभासी चलनाचे खाणकाम करायचे असते.

उतरवलेल्या फायली काउरी त्यांच्या हॅशच्या (फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या ओळख-क्रमांकाच्या) नावाने जपून ठेवते. तो हॅश व्हायरसटोटल या फायली तपासणाऱ्या संकेतस्थळावर शोधावा. फाइल स्वतःच्या संगणकावर आणू नये, आणि उघडून पाहण्याचा तर विचारही करू नये. सर्वाधिक आलेल्या पासवर्डांची यादी काढून ती पहिल्या पायरीतील यंत्रांशी ताडून पाहणे, हा या नोंदींचा सर्वांत व्यावहारिक उपयोग आहे. नोंदीत ज्याचा पत्ता दिसतो तोही बहुधा बळीच असतो, त्यामुळे त्याच्यावर उलट चाल करणे बेकायदा तर आहेच, निरर्थकही आहे.

ही चढाओढ थांबलेली नाही. एकच नियंत्रक सर्व्हर असला की तो पाडता येतो. जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून इमोटेट या बॉटनेटचे सर्व्हर ताब्यात घेतले, ते याच न्यायाने. म्हणून काहींनी मध्यवर्ती सर्व्हरच काढून टाकला आणि बॉट एकमेकांकडून हुकूम घेऊ लागले. २०१९ मधला मोझी त्या जातीचा होता. त्याची यंत्रे भारत आणि चीनमध्ये मोठ्या संख्येने होती, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये कोणीतरी सोडलेल्या आज्ञेने तो जवळपास निपचित पडला. ती आज्ञा कोणाची, याबद्दल तर्कच चालू आहेत.

सूचना आली तर

आतल्या सापळ्याची ई-मेल आली की ज्या पत्त्यावरून थाप पडली त्या संगणकाची नेटवर्क वायर काढावी, पण संगणक बंद करू नये, कारण स्मृतीतील पुरावा विजेबरोबर जातो. वेळ, पत्ता, वापरलेले नाव हे कागदावर लिहावे, राऊटरच्या आणि सापळ्याच्या नोंदींची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्यावी. सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या व संस्थांनी अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. सर्व यंत्रांची घड्याळे एकमेकांशी जुळलेली नसतील तर या नोंदींचा मेळ लागत नाही, म्हणून वेळ जुळवण्याची सोय आधीच चालू करून ठेवावी. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर आधी फोन करावा आणि नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. ज्यांचे सभासद चंदगड-गडहिंग्लजकडचे आणि कार्यालय बेळगावात, अशांनाही तेथे तक्रार करता येते. जिल्ह्यातील प्रत्यक्ष तपास सीईएन (सायबर, आर्थिक व अमली पदार्थांचे गुन्हे) पोलीस ठाण्याकडे असतो. तेथे द्यायचा अर्ज कन्नडमध्ये तयार ठेवल्यास वेळ वाचतो, आणि सोबत नोंदींचा छापील उतारा जोडावा.

कॅमेऱ्यांचा वार्षिक देखभाल करार पुढच्या वेळी करताना त्यात तीन अटी लेखी घालून घ्याव्यात: प्रत्येक यंत्राचा पासवर्ड वेगळा असेल आणि तो पाकिटात बंद करून सचिवांकडे राहील, संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय राऊटरमध्ये कोणतेही पोर्ट बाहेर काढले जाणार नाही, आणि फर्मवेअर कधी तपासले त्याची तारीख प्रत्येक भेटीच्या पावतीवर लिहिली जाईल. कुरकूर होईल. दर थोडा वाढवून द्यावा, पण अटी काढू नयेत.